सही केली नाही म्हणून मी ख्रिस्ती नाही का?

या वेळचं पत्र चिंचवडहून आलंय. नाव आणि गावाच्या खुणा काढून थोडक्यात देते.

"मावशी, जय ख्रिस्त. माझं वय ३८, माहेर नगर जिल्ह्यातलं. वडील शाळेत मास्तर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, दुकान चालवणारा मोठा दादा आणि मी. वडिलांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं चार खोल्यांचं घर आहे आणि शेजारी थोडी मोकळी जागा. पहिल्या स्मरणदिनाला उपासना झाली, बाहेर लोक जेवत होते आणि दादाने मला आतल्या खोलीत बोलावून हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. दोन काका आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब बसलेले होते. मी म्हटलं वाचून सांगते, तर काका म्हणाले भावावर विश्वास नाही का. मी सही केली नाही. तेव्हापासून दादा बोलत नाही, वहिनी फोन उचलत नाही, आई फोनवर नुसती रडते आणि म्हणते टाक ना बाई सही, मला शांतीने मरू दे. बाबांच्या आजारपणात मी सोन्याच्या बांगड्या मोडून हॉस्पिटलचं बिल भरलं, ते आता कुणाला आठवत नाही. सगळे एकच सांगतात, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर. बायबलच्या मत्तय ५ मधलं वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर हे वचन वाचल्यापासून मी प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि प्याला देतात त्या वेळी उठून बाहेर जाते. सात महिने झाले. मी लोभी आहे का? मी सही करू का?"

प्रिय बाळा,

तू मावशी म्हटलंस म्हणून मी पण तुला तूच म्हणते, चालेल ना.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या आतल्या खोलीपाशीच अडकले. बाहेर पंगत बसलीये, बाबांच्या फोटोला हार घातलाय, आत्ताच गीत म्हणून झालंय आणि आत चार माणसं एका मुलीपुढे पेन धरून बसलीयेत. एक सांगते, तू त्या दिवशी "वाचून सांगते" म्हणालीस ते अगदी बरोबर केलंस, त्यात अविश्वास नाही की लोभ नाही. वाचल्याशिवाय सही करू नये हे तुझ्या मास्तर बाबांनीच शाळेत शेकडो पोरांना शिकवलं असणार.

आधी कायद्याचं सांगून टाकते कारण ते सोपं आहे आणि आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, ते कुणी सांगत नाही. आपण ख्रिस्ती लोक वारशाच्या बाबतीत हिंदू वारसा कायद्यात येत नाही, आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा मुलगी असा फरक नाही. म्हणजे तुमच्या घरात आईचा एक भाग, दादाचा एक, तुझा एक, तिघांचे सारखे. लग्न झालं म्हणून तुझा भाग जात नाही. केरळात जुन्या त्रावणकोरच्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीला भावाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं, मेरी रॉय नावाची बाई त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८६ साली तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही हाच १९२५ चा कायदा लागतो असा निकाल लागला. तिच्यासमोर पण सख्खा भाऊच होता. तेव्हा तू काही जगावेगळं मागत नाहीयेस, आणि खरं म्हणजे तू अजून काही मागितलेलंच नाहीयेस, फक्त दिलेलं नाहीयेस.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही आणि तीच मला सगळ्यात जास्त टोचली. आईची सही झाली का? तिच्यासमोर पण तो कागद ठेवला होता का? आईचा एक भाग आहे, तुझा एक आहे, दोघींनी सोडलं की सगळं घर एकट्या दादाच्या नावावर. दादा वाईट आहे असं मी म्हणत नाही, तू लिहिलेल्यावरून मला तो कर्जाच्या किंवा धंद्याच्या चिंतेतला माणूस वाटतो, पण उद्या त्याने त्या घरावर कर्ज काढलं आणि हप्ते थकले तर बँक आईचं वय बघून थांबणार नाही. "मला शांतीने मरू दे" म्हणणाऱ्या बाईला आधी डोक्यावर छप्पर लागतं. म्हणून सही करायची की नाही हा तुझ्या हिश्श्याचा प्रश्न नंतर, आधी आईचं काय ते बघ. एखाद्या चांगल्या वकिलाला सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, बाबांचा मृत्यूचा दाखला आणि तो हक्कसोडपत्राचा मसुदा दाखव, तासाभराचं काम आहे. वकिलाकडे जाणं म्हणजे कोर्टात जाणं नाही, घाबरू नकोस.

आणि इथे मला मार्कच्या सातव्या अध्यायातलं आठवतं. आईबापाला जे द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण केलंय असं म्हणायचं आणि हात झटकायचे, अशी एक सोय तेव्हाच्या धार्मिक लोकांनी काढली होती आणि येशू त्यावर किती चिडलाय ते वाच. देवाचं वचन वापरून घरातल्या माणसाचा हक्क बुडवणं ही गोष्ट त्याला सहन होत नाही. स्मरणदिनाच्या दिवशी पाळकसाहेबांना बसवून सही मागणं हे मला त्याच जातीचं वाटतं. पाळकसाहेबांनी कदाचित चांगल्या मनाने केलं असेल, घरात भांडण नको म्हणून, पण त्यांनी उठून म्हणायला पाहिजे होतं की आज नको, आज आपण जेवू.

आता क्षमेचं. तुला सगळे साताच्या सत्तर वेळा सांगतात ते वचन मत्तय १८ मध्ये २२ व्या ओवीत आहे. त्याच अध्यायात सहा सात ओव्या वर जा. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तो आणि तू एकटे असताना त्याचा दोष त्याला दाखव, ऐकलं नाही तर एक दोघांना बरोबर घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. हे कुणी वाचून दाखवलं का तुला? मला आश्चर्य वाटतं, आपल्या सभांमध्ये २२ वी ओवी इतक्या वेळा ऐकलीये आणि १५ वी इतकी कमी. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सत्तर वेळा सांगतो ते दोष दाखवायला जा असं सांगून झाल्यावर सांगतो. आधी खरं बोलायचं, मग सोडायचं.

आणि हा सोडायचा शब्द बघ ना बाळा, तो आपण दर रविवारी म्हणतो. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत आपण म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. ऋण सोडले. आणि तुझ्यासमोरच्या कागदावर हक्क सोड. दोन्हीकडे सोडणंच आहे म्हणून तुझ्या डोक्यात गोंधळ झालाय असं मला वाटतं, आणि तुझा काय, सगळ्यांचाच होतो. ऋण सोडायचं तर ते ऋण आहे हे तरी आधी कुणी तोंडाने म्हणायला हवं. तुझ्या बांगड्यांबद्दल, त्या आतल्या खोलीबद्दल दादा अजून एक शब्द बोललेला नाही. त्याला मनातून माफ करणं हे तू आजही करू शकतेस, त्यासाठी त्याच्या सहीची गरज नाही आणि तुझ्या सहीचीही नाही. घराचा कागद हा वेगळा विषय आहे. ज्या दिवशी हे दोन विषय तुझ्या मनात वेगळे होतील त्या दिवशी तुला झोप लागेल.

बायबलमधल्या योसेफाचं आठव. भावांनी विकलं, वीस वर्षांनी तेच भाऊ धान्य मागायला समोर उभे राहिले. त्याने लगेच मिठी मारली नाही. त्यांना ओळख दिली नाही, त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामीनाला आणा म्हटलं, आणि मधेमधे दुसऱ्या खोलीत जाऊन रडला. त्याचं मन तर केव्हाच विरघळलं होतं, पण हे भाऊ आता धाकट्याला पण टाकून जातात का ते त्याला बघायचं होतं. त्यांच्यातला यहूदा पुढे येऊन म्हणाला त्याच्याऐवजी मला ठेवून घ्या, तेव्हा कुठे तो म्हणाला मी योसेफ. माफ करणं योसेफाच्या एकट्याच्या हातात होतं पण घर परत जुळायला यहूदाला बदलावं लागलं.

तू विचारलंस मी लोभी आहे का. हा प्रश्न तू विचारलास तो मला आवडला, तो टाळू नकोस. लूक १२ मध्ये एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांग, आणि येशू म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं, आणि मग लोभापासून सांभाळा असं सगळ्यांनाच सांगतो. ही ओवी काका तुझ्यापुढे टाकणार हे नक्की. पण लोभाचा इशारा मागणाऱ्याला आहे तसा अडवून बसणाऱ्यालाही आहे. तू रात्री एकटी बसून बघ, मला जागेचे पैसे हवेत का, की दादाला हरवायचंय, की फक्त कुणीतरी म्हणावं की तू पण या घरची आहेस. तुझं पत्र वाचून मला तिसरं वाटतं. पण ते तुलाच कळेल, मला नाही. आणि मुलीने हिस्सा घेणं अख्रिस्ती आहे असं कुणी म्हटलं तर ईयोबाचा शेवटचा अध्याय काढून दे, ईयोबाने मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं असं स्पष्ट लिहिलंय, आणि गंमत म्हणजे तिथे तिन्ही मुलींची नावं दिलीयेत, मुलांचं एकही नाही.

मी हे इतकं जीव तोडून का लिहितेय ते सांगते. मी ज्या घरात वाढले ते घर माझ्या आत्याने सोडलेलं होतं. आजोबा गेल्यावर माझ्या वडिलांनी तिला तालुक्याला नेलं, तिला वाचता येत नव्हतं, अंगठा घेतला. निळी शाई तिने पदराला पुसली. येताना बाजारातून हिरवी साडी आणि खण घेऊन दिला, साडीचोळीवर बोळवण म्हणतात तसं अगदी. तिने कधी तक्रार केली नाही आणि आमच्या मंडळीत तिच्या मोठ्या मनाचं कौतुक व्हायचं. पण ती येईनाशी झाली. सही केली नाही तर माहेर तुटेल असं सगळे म्हणतात, तिचं तर अंगठा देऊनच तुटलं. कारण वडिलांना तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. नाताळला ते मला डबा देऊन पाठवायचे, स्वतः जायचे नाहीत.

बावीस वर्षांनी आत्याचा नवरा वारला तेव्हा वडील गेले, मी सोबत होते. ओट्यावर चप्पल न काढताच बसले. खिशात पैशाचं पाकीट आणलं होतं, ते काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. आत्याने चहा केला, बशीत ओतून दिला, पाकिटाकडे बघितलंच नाही. म्हणाली, "पैशाचं नंतर बघू, आधी काय झालं होतं ते बोल." वडिलांना बोलताच येईना. चहा गार झाला बशीत. मग म्हणाले, "मी तुला फसवलं गं." एवढंच. त्यानंतर दोघं संध्याकाळपर्यंत बसले होते, लहानपणच्या विहिरीच्या गोष्टी करत. पाकीट तिने घेतलं, का घेऊ नये, तिचंच होतं ते. बावीस वर्षं गेली गं. आत्याने त्या दिवशी तालुक्याला "वाचून दाखवा" म्हटलं असतं तर दोन महिने अबोला झाला असता कदाचित, बावीस वर्षं नसती गेली.

आता तू काय करशील ते माझ्या मते सांगते, पटलं तर घे.

पहिलं म्हणजे दादाला एकटीने भेट. नवऱ्याला नेऊ नकोस, फॅमिली ग्रुपवर लिहू नकोस, व्हॉट्सॲपवर वचन पाठवू नकोस. घरात नको, त्याच्या दुकानावर जा दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना. आणि आधी त्याला विचार की तुला पैशाची एवढी नड कशाची आहे. खरंच विचार, ऐकून घे, मधे बोलू नकोस. मग तुझं सांग, शांतपणे, तुझ्याच शब्दात, पण काहीसं असं की दादा, स्मरणदिनाला तू मला आत बोलावलंस ते मला फार लागलं, बाबांच्या आजारपणात मी केलं ते तुला माहितीये आणि तू चार लोकांत गप्प बसलास ते त्याहून लागलं, मला तुझ्याशी भांडायचं नाहीये, आईच्या नावाचा भाग आईच्याच नावावर राहू दे आणि माझ्या भागाचं आपण बसून ठरवू. एवढंच. त्याच दिवशी निकाल लागायलाच पाहिजे असं नाही. रागावला तर उठून ये, भांडत बसू नकोस.

नाही ऐकलं तर दुसऱ्या वेळी एक दोघांना ने. पण ते काका नकोत, ज्यांनी त्या दिवशी बाजू घेतली ते साक्षीदार होत नाहीत. तुमचे मामा असतील तर बघ, आईच्या बाजूचा माणूस, ज्याला त्या जागेतून काही मिळणार नाही. पाळकसाहेबांना मात्र तू स्वतंत्र भेट आणि सरळ सांग की त्या दिवशी तुम्ही तिथे बसल्यामुळे मला देवाने सही मागितल्यासारखं वाटलं. चांगला पाळक असेल तर त्याला ते ऐकायला जड जाईल पण तो ऐकेल.

आणि एक विनंती, हे प्रार्थनेचा विषय म्हणून महिला मंडळात मांडू नकोस. मी चाळीस वर्षं कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभांना जातेय, "प्रार्थनेसाठी सांगते हं, कुणाला सांगू नका" असं म्हणून सांगितलेली गोष्ट रविवारपर्यंत तीन वॉर्डात पोचते. एखाद्या विश्वासू बहिणीबरोबर गुडघे टेक, पुरे.

सही करायची का? प्रामाणिकपणे सांगते, ख्रिस्ती माणसाने आपला हक्क सोडणं यात मोठेपणा आहे, पौल करिंथकरांना विचारतो की भावाला कोर्टात खेचण्यापेक्षा तुम्ही नुकसान का सोसत नाही, आणि ते वचन मी तुझ्यापासून लपवणार नाही. उद्या दादाची खरी नड कळली, आईचं नीट झालं आणि तुझ्या मनाने म्हटलं की देऊन टाकते, तर दे, मी टाळ्या वाजवीन. पण तोच पौल त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो की कष्टी होऊन किंवा देणं भाग पडतं म्हणून देऊ नका, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. तेव्हा संतोष आहे का बघ. नसेल तर नको देऊस, रडत केलेल्या सहीतून तुझ्या आणि दादाच्या मधे आयुष्यभर काहीतरी कुजत राहील, आमच्या घरात राहिलं तसं. अर्धं देणं, मोबदला घेऊन देणं, आई आहे तोवर काहीच न करणं, असे मधले रस्ते पण असतात आणि त्यातला कुठलाही पाप नाही.

आपल्या नगरचंच उदाहरण देते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी नाही घेतला. सगळं जग दोन्ही बाजूंनी ओढत होतं, नातेवाईक म्हणत तो मेला समज, इकडून अपेक्षा की बायकोने मागे यावं. ती ना इकडच्यांना घाबरली ना तिकडच्यांना, वेगळी राहिली, मग परत त्याच्याबरोबर राहायला आली तीही स्वतःच्या धर्मात राहूनच, आणि १९०० साली तिच्या स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा तिने बाप्तिस्मा घेतला. नातं तुटलं नाही आणि तिने मन विकलं पण नाही. वेळ लागला. तुलाही लागेल.

शेवटी प्रभुभोजनाचं, ज्याच्यासाठी मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सात महिने तू उठून बाहेर जातेस. बाळा, मत्तय ५ मध्ये लिहिलंय की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर जा, समेट कर. जा म्हटलंय. त्याने दार उघडलंच पाहिजे तोवर तू उपाशी राहा असं नाही म्हटलेलं. आणि रोमकरांच्या बाराव्या अध्यायात तर "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके" असं सरळ लिहिलंय, शांती दोघांची असते, एकटीच्या हातात सगळी नसते. करिंथकरांतली ती ओवी पण पुन्हा वाच, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा तू सात महिने केलीस, खाल्लं मात्र नाहीस. ते मेज लायक लोकांसाठी मांडलेलं नाही, पेत्र पण तिथे जेवला आणि त्याच रात्री त्याने येशूला नाकारलं. तू दादाला भेटायला जा, आणि येत्या पहिल्या रविवारी, दादा काहीही बोलला असला तरी, जागेवर बसून राहा. प्याला आला की घे.

आईला आज फोन कर. सहीबद्दल ती बोलली तर म्हण, आई मी दादाला भेटणारे, तू काळजी करू नको, आणि मग विषय बदल, तिला विचार जेवलीस का, बीपीची गोळी कोण आणून देतं, गुडघा कसा आहे. सात महिन्यात तिच्याशी या विषयाशिवाय कुणीच काही बोललेलं नसेल. नाताळच्या करंज्या या वर्षी तिच्याकडे जाऊन कर, डबा पाठवू नकोस. दादा घरात असेल तर असू दे, तुझं पण घर आहे ते.

दुकानावर काय झालं ते मला नक्की लिही, आणि आईची सही झालीये का तेही.

तुझी,
मावशी